तुळईची दोन टोकं

स्टेपर मोटार ही मला माहीत असलेली सगळ्यात आज्ञाधारक आणि सगळ्यात बिनडोक वस्तू. तिला दोनशे पावलं टाक म्हटलं की ती दोनशे पावलं टाकते आणि एक फेरा पुरा करते. मध्ये काही अडलं, पाऊल पडलंच नाही, तर ते तिलाही कळत नाही आणि तिला हुकूम देणाऱ्या कार्डालाही कळत नाही. कार्ड आपलं मोजत बसतं, हजार झाली, दोन हजार झाली. मी नांदेडला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे हा प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आम्हीही वर्षभर धडे पाठवत राहतो आणि पोरं पोचली असं धरून चालतो.

अशा दोन मोटारी मी अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, मागवल्या होत्या. अण्णा लातूरचे सुतार. त्यांची पत्र्याची शेड अजून आहे, अण्णा नाहीत. त्यांना आयुष्याच्या शेवटी एकच गोष्ट हवी होती आणि ती मला देता आली नाही. का देता आली नाही, असं घरात कुणी विचारलं की मी मोटारीचं नाव सांगते. ते अर्धंच खरं आहे.

अण्णांचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूचं, पण उमेदीतलं काम सगळं औशाच्या खालच्या गावांमध्ये. ते नक्षीचे सुतार होते. चौकटीवरची वेल, आणि गणेशपट्टी, म्हणजे दाराच्या डोक्यावरची आडवी कोरीव फळी, हे त्यांचं खास काम. मध्ये गणपती, दोन्ही अंगांना कमळं नाहीतर पोपट. लहानपणी मी त्यांच्या सायकलवर पुढे बसून त्या गावांत जायची, आणि ते मला दारं दाखवायचे. हे माझं, ते माझं, ते दुसऱ्याचं, बघ वेल कशी मेल्यासारखी पडलीय. मग एका पहाटे भूकंप झाला आणि ती गावं खाली बसली. दगडमातीच्या भिंती, वर हातभर मातीचं माळवद, सगळं माणसांवर आलं. अण्णा त्याच दिवशी दुपारी तुळया उचलायला गेले ते कित्येक दिवस आले नाहीत. ढिगाऱ्यात त्यांची दारंही होती. पण जिथं माणसं गेली तिथं दारांचं दुःख कुठल्या तोंडानं करायचं, म्हणून ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आई होती तोवर म्हणायची, दारांसाठी रडता आलं असतं तर हा माणूस मोकळा झाला असता.

पुनर्वसनाच्या घरांना सुतार लागले तेव्हा अण्णांनी दारंच दारं केली. एका मापाची, सपाट, कडीकोयंड्यासकट. त्यानंतर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गल्लीगल्लीत मेस, होस्टेल, झेरॉक्स, आणि चौकाचौकात गुणवंतांचे हसरे फोटो. क्लासवाल्यांना बाकं हवी होती, अण्णांनी बाकं केली. मी त्यांनीच केलेल्या बाकावर बसून बारावी केली आणि डॉक्टर न होता इंजिनिअर झाले, जे लातुरात जवळजवळ नापास होण्यासारखंच. पुढे धड नोकरी लागेना तेव्हा मी क्लासच्या दुसऱ्या बाजूला, फळ्याकडे, जाऊन उभी राहिले. अण्णांच्या कोरीव कामाच्या पटाश्या मात्र पेटीतच राहिल्या. बाकाला नक्षी कोण मागतं?

मी नांदेडला फ्लॅट घेतला तेव्हा अण्णा वास्तुशांतीला आले. त्यांनी दारावरून हात फिरवला. कंपनीचं दार, वर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेला. तेव्हाच मला दिसलं की त्यांचा उजवा हात कापतोय. डॉक्टरांनी कंपवात म्हटलं, गोळ्या दिल्या, आणि हे हळूहळू वाढत जाणार असंही सांगून टाकलं. अण्णांनी ते ऐकून घेतलं. परत निघताना बसस्टँडवर मला म्हणाले, "बाई, माझ्या हातचं ह्या जगात आता कुठंबी काही न्हाई. तुझ्या दारावर येक गणेशपट्टी बसवायची व्हती."

एवढंच मागणं. सागवानाची एक फळी त्यांनी भूकंपाच्याही आधीपासून पोत्यात गुंडाळून ठेवलेली होती, कुठल्याशा मोठ्या कामासाठी. ते काम आलं नाही. आता फळी होती आणि हात नव्हता.

मी हट्टी आहे, आणि कुणी हतबल होऊन समोर बसलं की मला गप्प राहवत नाही, मला लगेच उपाय सुचतात. हा गुण क्लासमध्ये चालतो, घरात चालेलच असं नाही. मी अण्णांना म्हणाले, आपण मशीन करू. गरगर फिरणारं कटर, ते धरणारी एक आडवी पट्टी, तिला पुढेमागे नेणाऱ्या मोटारी आणि कॉम्प्युटरमध्ये घातलेलं चित्र. तुम्ही कागदावर काढा, मशीन लाकडात कोरेल. मशीनबद्दल अण्णांनी काही शंका काढली नाही. त्यांनी एकच विचारलं, "रेघ माझीच ऱ्हाईल का?"

"रेघ तुमचीच, अण्णा," मी म्हणाले. "मशीन नुसतं तिच्यावरून चालणार."

आमच्या क्लासला सुट्टी बुधवारी, कारण रविवारी टेस्ट. दर बुधवारी सकाळची एस.टी. धरायची, लोह्याला गाडी थांबली की चहा घ्यायचा, आणि लातूरला उतरून थेट शेडवर जायचं. टेबल अण्णांनी केलं, त्यांच्या डाव्या हातानं आणि माझ्या दोन्ही हातांनी. टेबलाच्या दोन्ही कडांना दातेरी लोखंडी पट्ट्या ठोकल्या, त्यांच्यावर मोटारींची दातेरी चाकं बसवली. दोन कडांच्या मध्ये आडवी पट्टी. तिला गॅन्ट्री म्हणतात असं मी सांगितलं, तर अण्णा म्हणाले, ही तर तुळई. मग तिचं नाव तुळईच पडलं. तुळई रुंद असल्यामुळे एका मोटारीनं नीट ओढली जात नाही, एक टोक पुढे जातं आणि दुसरं रेंगाळतं. म्हणून दोन टोकांना दोन मोटारी, आणि दोघींनी एकाच वेळी सारखीच पावलं टाकायची. कटरला तुळईवर आडवं आणि वरखाली नेणाऱ्या छोट्या मोटारी वेगळ्या.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा तुळईचं एक टोक पुढे गेलं आणि दुसरं मागे. करकर आवाज झाला. अण्णांनी बटण बंद केलं आणि कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसले. मोटारी एकमेकींकडे पाठ करून बसवलेल्या, त्यामुळे दोघींना उजवीकडे फिर म्हटलं की एक पुढे जाणार आणि एक मागे, हे बारावीच्या पोरालाही कळलं असतं. "लोकांच्या लेकरांना शिकवायलीस," अण्णा म्हणाले, "आन् सोताला डावं-उजवं कळंना." दाराची दोन पाखं कधी एकसारखी करतात का, एक दुसऱ्याचं आरशातलं असतं, असं त्यांनी मला समजावलं, वर पुन्हा हसून घेतलं. मी एका मोटारीच्या दोन तारा उलट जोडल्या आणि तुळई सरळ सरकली. तो बुधवार चांगला गेला. पूर्ण चांगला असा मला तेवढाच आठवतो.

मोटारीला वीज पुरवणाऱ्या डबीला ड्रायव्हर म्हणतात. तुळईच्या प्रत्येक मोटारीला एक, अशा दोन डब्या मी घेतल्या होत्या, त्यातली एक लवकरच जळाली. नवी येईपर्यंत थांबायचं, की दोन्ही मोटारी एकाच डबीवर जोडायच्या, हा प्रश्न होता. एकीवर जोडल्या की प्रत्येक मोटारीला निम्मीच वीज मिळणार. मी वहीत गणित केलं, पुरेल असं उत्तर आलं. अण्णांनी विचारलं, एका भाकरीवर दोघी राबतील का? मी म्हणाले, राबतील. मला घाई झाली होती. दर बुधवारी अण्णांचा हात आदल्या बुधवारपेक्षा जास्त कापायचा, कपातला चहा बशीत यायचा, आणि ते बशीतला आधी पिऊन टाकायचे म्हणजे मला दिसू नये.

तुळईवर मात्र अण्णांचा विश्वास नव्हता. एकदा टेप लावता लावता त्यांनी सांगितलं, की माळवदाची तुळई दोन्ही टोकांनी एकदम खाली आली तर खाली थोडी जागा राहते, माणूस सापडतो. एक टोक आधी खचलं तर ती मुरगळत येते आणि खाली कुणाला ठेवत नाही. एवढं सांगून ते टेपवरचा आकडा वाचायला लागले. भूकंपातलं त्यांनी मला स्वतःहून सांगितलेलं एवढंच. त्यानंतर ते दर वेळी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजायचे, आणि मापं सारखी आली तरच मला पुढे जाऊ द्यायचे.

चित्राला त्यांनी तीन आठवडे घेतले. जाड खाकी कागद, सुताराची जाड पेन्सिल, उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरून. मला त्यांनी ते काढताना बघू दिलं नाही. तिसऱ्या बुधवारी मी पोचले तेव्हा कागद बाकावर पसरून ते माझी वाटच बघत होते, दाढी केलेली, शर्ट धुतलेला. "हात कापतो," ते म्हणाले, "पन रेघ आली बग."

रेघ आली नव्हती. गणपतीची सोंड, कमळाच्या पाकळ्या, दोन पोपट, सगळं जागच्या जागी होतं, मांडणी अशी की बघत राहावं. पण प्रत्येक रेघ थरथरत होती. पाकळीची कड दातेरी झाली होती. अण्णांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पेन्सिल जाड, त्यामुळे त्यांना ते दिसत नव्हतं. ते इतके खुशीत होते की मीही म्हणाले, हो अण्णा, आली. फोनवर फोटो काढला आणि नांदेडला परतले.

घरी मी कॉम्प्युटरवर तो फोटो घेऊन त्यांच्या रेघेवरून रेघ ओढायला बसले. पहिली पाकळी मी इमानदारीनं केली, प्रत्येक थरथरीसकट. दुसरी करताना मला रडू आलं. मला तो हात बघवेना. त्या प्रोग्रॅममध्ये रेघ गुळगुळीत करायची सोय असते, एक बटण दाबायचं. मी ते दाबलं. सोंड एकदम अशी वळली, जशी मी लहानपणी सायकलवरून बघायची. मी स्वतःला समजावलं, की अण्णांचा हात धड असता तर त्यांनी हीच रेघ काढली असती, मी फक्त आजार पुसतेय. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरज नाही, असंही स्वतःला समजावलं. त्यांना कसं कळणार होतं?

कळलं ते खळीमुळे. नक्षीचा सुतार लाकडावर आधी कागद चिकटवतो आणि कागदावरच्या रेघेतून पटाशी मारतो. लाकूड आणि चित्र यांच्यामध्ये तो दुसरं काही येऊ देत नाही. कोरायच्या बुधवारी मी शेडवर गेले तर अण्णांनी मैद्याची खळ शिजवून ठेवली होती. मी म्हणाले, मशीनला कागद लागत नाही. ते म्हणाले, मशीनला नसंल लागत, लाकडाला लागतो. मला वाटलं, असू दे, म्हाताऱ्या माणसाचं समाधान. हळदीकुंकू वाहतात तसं. मीच त्यांना कागद ताणून धरायला मदत केली, कडा जुळवून दिल्या. प्लायवूडच्या तुकड्यावर आधी एकदा चालवून बघायचं आमचं ठरलं होतं. वर्षभर पोरांच्या टेस्ट घेणारी मी, ती चाचणी मी घेतली नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं मला परतायचं होतं.

कटर खाली उतरलं आणि कागदातून लाकडात शिरलं. सागवानाचा वास आला. अण्णा दोन्ही हात टेबलाच्या कडेला टेकवून वाकून बघत होते. पहिली पाकळी झाली, दुसरी झाली. कटर सुंदर चाललं होतं, आणि त्याच्या कडेकडेनं कागदावर पेन्सिलीची रेघ उरत होती. कुठे आत, कुठे बाहेर, करवतीच्या दात्यांसारखी. अण्णांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग आणखी वाकले.

"ह्येला रेघ दिसंना का, बाई?" ते म्हणाले. "रेघंवरून चालंना ह्ये."

माझ्या तोंडून गेलं, "मोटार चुकतेय, अण्णा."

मी हे बोलले तेव्हा दोन्ही मोटारी अगदी बरोबर चालत होत्या. आणि मग, जणू माझी लाज राखायला, उजवीकडची मोटार खरंच चुकली. कमळाच्या देठाशी लाकडात गाठ होती. निम्म्या विजेवर राबणारी मोटार तिथे अडली, घरघरली, चाक पट्टीवरच्या दात्यांवर नुसतंच ठेचकाळलं. डावीकडची पुढे गेली. कार्ड मोजत राहिलं. तुळई तिरकी झाली आणि कटर पोपटाच्या पोटातून आरपार जाऊन गणपतीच्या खांद्यापर्यंत तिरपा चर पाडत गेलं. मी बटणाकडे धावले. पण त्या धावण्याआधी, एक क्षणभर, मला बरं वाटलं होतं. हे मी कबूल करते. फळी गेली, अण्णांचं चित्र तिच्याबरोबर गेलं, आणि मला बरं वाटलं, कारण आता मोटारीनं खरोखरच चूक केली होती.

अण्णांनी ब्रशनं भुसा झाडला. कागदाच्या चिंध्या फळीला चिकटून होत्या, त्या नखानं काढायचा प्रयत्न केला, पण खळ पक्की बसली होती. मी घाईघाईनं मोटारीबद्दल बोलत राहिले. करंट, पावलं, गाठ, सगळं वर्गात समजावते तसं. ते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, तुझी गाडी जाईल.

पुढचे दोन महिने मी त्या मशीनमागे लागले. वेड्यासारखी, असं घरचे म्हणायचे. दोन मोटारींना दोन स्वतंत्र ड्रायव्हर लावले. तुळईच्या दोन्ही टोकांना एकेक बटण बसवलं, म्हणजे काम सुरू करण्याआधी प्रत्येक टोक आपापल्या बटणाला जाऊन टेकायचं, आणि जे मागे राहिलं असेल ते तेवढं जास्त चालून बरोबरीला यायचं. वेग कमी केला. मुद्दाम गाठीची लाकडं आणून त्यांच्यावर चालवलं. एकही पाऊल गळेना. लातूरच्या एका नव्या क्लाससाठी मी नावाची पाटीसुद्धा कापून पाहिली, अक्षरं अशी आली की क्लासवाले हरखून गेले. मला त्या पाटीकडे बघवलं नाही.

एका बुधवारी मी अण्णांना हाताला धरून शेडमध्ये आणलं. तोवर त्यांना चालतानाही आधार लागायला लागला होता. मी प्लायवूडवर मोठा चौकोन कापून दाखवला आणि टेप त्यांच्या हातात दिला. टेप त्यांच्या हातात खडखडत होता, तरी त्यांनी दोन्ही कर्ण स्वतः मोजले. केसाचाही फरक नव्हता. मी म्हणाले, "बघा अण्णा, आता मोटार चुकत नाही. तुम्ही पुन्हा काढा, मी दुसरी फळी आणते."

अण्णा स्टुलावर बसले. चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"त्या दिवशी मोटार चुकली ती मागून," ते म्हणाले. "आधी ती बराबरच चालत व्हती. म्हणून तर मला माझी रेघ दिसली."

मी त्यांच्या हातातला टेप घेऊन गुंडाळायला लागले.

"तू नीट केली न्हवं का ती? बरं केलंस. माझ्या हाताखाली कुनी आसता अन् आशी रेघ आनली आसती, तर मीबी नीटच केली आसती." त्यांचा आवाज अगदी साधा होता, रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर मी रडून मोकळी झाले असते. "पन मंग ती माझी न्हाई ऱ्हात, बाई."

मी पर्समधून फोन काढला. त्यांच्या कागदाचा फोटो त्यात होता, थरथरीसकट. मी तो मोठा करून त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाले, हीच कोरू, जशी आहे तशी, एक केसही इकडचा तिकडे करणार नाही, शप्पथ. मला ती खरंच हवी होती. त्या क्षणी मला दुसरी कुठली नकोच होती. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला, आणि परत दिला.

"वाकडी पट्टी लेकीच्या दारावर कोन लावतं?" ते म्हणाले.

मी फोन पर्समध्ये ठेवला.